तुरुंगाचे नियम ठरवताना तुरुंग भोगलेल्यांनाही विचारा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

राज्यातल्या कारागृहांमधील गर्दीवर आपल्या दैनिकात जे लेख येत आहेत, ते मी इथे ऑरलँडोत बसून नेमाने वाचते. निवृत्त न्यायाधीशांनी लिहिले, निवृत्त पोलीस अधिकाऱ्यांनी लिहिले, वकील आणि समाजकार्याचे प्राध्यापक यांनीही लिहिले. बराकीत दाटीवाटीने रात्री काढलेल्या एकाही माणसाचे म्हणणे मात्र त्यात आले नाही. हा दोष आपल्या एकट्या दैनिकाचा नाही. आपल्याकडे या विषयावर बोलण्याची रीतच तशी आहे. पण मी ज्या राज्यात मतदान करते, त्या फ्लोरिडात मी याच्या नेमके उलट घडलेले पाहिले आहे.

फ्लोरिडात १८६८च्या राज्यघटनेपासून एक नियम पक्का होता. गंभीर गुन्ह्यात शिक्षा झाली की मतदानाचा हक्क जन्मभरासाठी गेला. शिक्षा भोगून बाहेर आलात, पुढची तीस वर्षे सरळ मार्गाने जगलात, तरी गेला तो गेलाच. यात फक्त खून-दरोडेच येत होते असे कुणी समजू नये. २०१९ पर्यंत ३०० डॉलरची वस्तू चोरणे हाही इथे त्याच वर्गातला गुन्हा होता. हक्क परत हवा असेल तर गव्हर्नर आणि त्यांच्या मंत्र्यांच्या दया मंडळापुढे अर्ज करायचा. २०११ नंतर तर तो अर्ज करण्याआधीच पाच किंवा सात वर्षे थांबावे लागे. हे मंडळ राजधानी टॅलाहासीत वर्षातून चार वेळा बसायचे, आणि ‘हो’ का म्हटले, ‘नाही’ का म्हटले याचे कारण देणे त्याच्यावर बंधनकारक नव्हते. २०१६च्या अंदाजानुसार राज्यातल्या दर पाच प्रौढ कृष्णवर्णीयांपैकी एकाहून अधिक जणांना मत नव्हते. हे यादवी युद्धानंतर गुलामगिरीतून सुटलेल्यांना मतपेटीपासून दूर ठेवण्याच्या काळातले हत्यार. ते दीडशे वर्षे तसेच चालू राहिले.

ते मोडले डेस्मंड मीड आणि त्यांच्या सोबत्यांनी. मीड तुरुंगातून सुटले तेव्हा व्यसनाधीन होते, डोक्यावर छप्पर नव्हते. २००५ मध्ये ते जीव द्यायला रेल्वेच्या रुळांपाशी जाऊन उभे राहिले होते. हे त्यांनी स्वतः जाहीरपणे सांगितले आहे. गाडी आली नाही. तिथून ते चालत व्यसनमुक्ती केंद्रात गेले, पुढे महाविद्यालयात आणि २०१४ मध्ये फ्लोरिडा इंटरनॅशनल विद्यापीठाची कायद्याची पदवी घेऊन बाहेर पडले. पदवी मिळाली, पण नागरी हक्क परत मिळालेले नसल्याने वकिलीचा रस्ता बंद. २०१६ मध्ये त्यांची पत्नी राज्याच्या विधानसभेसाठी उभी राहिली, आणि नवऱ्याला बायकोलाच मत देता आले नाही.

मीड यांच्या ‘फ्लोरिडा राइट्स रिस्टोरेशन कोअलिशन’ या संघटनेचे कार्यालय आमच्याच शहरात आहे. तिचे कार्यकर्ते स्वतः शिक्षा झालेले लोक. हा नियम बदलण्याच्या सार्वमतासाठी त्यांना ७,६६,२०० मतदारांच्या सह्या हव्या होत्या. ज्यांना स्वतःला मत नाही, ते उन्हात उभे राहून इतरांकडे सही मागत होते. एका ग्रंथालयाबाहेर मीही सही केली, आणि समोरच्या माणसाने कागद दोन्ही हातांनी घेतला हे माझ्या लक्षात राहिले आहे. ते लोक कोणत्याही पक्षाचे नाव घेत नसत. तुमच्या जिवाभावाच्या कुणाच्या हातून कधी चूक झाली आहे का, एवढेच विचारत. मीड यांचे उजवे हात नील व्होल्झ हे रिपब्लिकन पक्षाचे, वॉशिंग्टनमधल्या लाचखोरीच्या एका गाजलेल्या प्रकरणात दोषी ठरलेले. एक कृष्णवर्णीय, एक गोरा. राजकारण एकमेकांपासून फार लांबचे. दोघे मिळून राज्यभर फिरले.

६ नोव्हेंबर २०१८ रोजी शिक्षा पूर्ण केलेल्यांना मताचा हक्क परत देणारी राज्यघटनेतली दुरुस्ती (मतपत्रिकेवर क्रमांक चार) मतदानाला आली. मंजुरीसाठी ६० टक्के मते लागत होती, मिळाली ६४ टक्क्यांहून जास्त. त्याच दिवशी गव्हर्नरपदी निवडून आलेल्या रॉन डिसँटिस यांच्यापेक्षा या दुरुस्तीला सुमारे दहा लाख मते अधिक पडली. म्हणजे डिसँटिस यांच्या असंख्य मतदारांनीही शिक्षा भोगून आलेल्यांच्या बाजूने कौल दिला. सुमारे १४ लाख लोकांना हक्क परत मिळणार होता.

पुढे जे झाले त्याने मी आजही अस्वस्थ होते. जून २०१९ मध्ये गव्हर्नरांनी एका कायद्यावर सही केली : दंड, न्यायालयाचे शुल्क आणि नुकसानभरपाई यांची शेवटची पै चुकती केल्याशिवाय शिक्षा पूर्ण झाली असे मानायचे नाही. कुणाकडे किती बाकी आहे याची एकत्रित नोंद राज्याकडेही नव्हती. मे २०२०मध्ये संघीय न्यायाधीश हिंकल यांनी याला पैसे मोजून मत मिळवण्याची व्यवस्था म्हटले आणि तिचा मोठा भाग घटनाबाह्य ठरवला. सप्टेंबरमध्ये अपील न्यायालयाने सहा विरुद्ध चार मतांनी तो निकाल फिरवला. माजी बंद्यांच्या संघटनेने हार न मानता देणग्या गोळा केल्या आणि हजारो लोकांची थकबाकी भरून टाकली. मग २०२२च्या ऑगस्टमध्ये बेकायदा मतदानाच्या आरोपावरून २० जणांना अटक झाली. खून आणि लैंगिक गुन्ह्यांतल्या दोषींना दुरुस्तीतून वगळले होते, त्यांतले हे लोक. त्यांच्यातल्या अनेकांना मतदार ओळखपत्र सरकारी कार्यालयानेच दिले होते. बहुमत मिळावे म्हणून हा अपवाद मान्य करणे संघटनेला भाग पडले असेल, हे मला कळते. तरी तो मला पटलेला नाही. मीड यांना स्वतःचे नागरी हक्क परत मिळाले ते २०२१ मध्ये.

हे सगळे मराठी वाचकांना सांगण्याचे कारण म्हणजे पैशाचा तोच फास आपल्याकडेही आहे, फक्त तो आधीच आवळला जातो. भारतात शिक्षा भोगून सुटलेला माणूस मत देऊ शकतो, याचा मला अभिमान आहे. पण लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम ६२(५) प्रमाणे तुरुंगात असलेल्या कुणालाच मत नाही, मग तो अजून दोषी ठरलेला नसला तरी (अपवाद फक्त प्रतिबंधात्मक स्थानबद्धतेतल्यांचा). १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे कलम वैध ठरवले. आत असताना निवडणूक मात्र लढवता येते. २०२४ मध्ये इंजिनिअर रशीद तिहारमधून बारामुल्लाची जागा जिंकले. एकाच गुन्ह्यातले दोन आरोपी घ्या. एकाला जामीनदार मिळाला, तो मतदान करून आला. दुसऱ्यासाठी सॉल्व्हन्सीचा, म्हणजे जामीनदाराच्या ऐपतीचा, कागद देणारे कुणी नाही, म्हणून तो आत आणि मतालाही मुकला. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२च्या आकडेवारीनुसार देशातल्या ५ लाख ७३ हजार कैद्यांपैकी सुमारे ७६ टक्के कच्चे कैदी, म्हणजे अजून खटला न संपलेले, होते. आर्थर रोडमध्ये क्षमतेच्या तिपटीहून अधिक माणसे कोंबलेली असतात, तीही बहुतेक कच्चेच.

सरकारने काहीच केले नाही असे मी म्हणणार नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ नुसार याआधी कधीही दोषी न ठरलेल्या आरोपीने कमाल शिक्षेच्या एकतृतीयांश काळ आत काढला की त्याला बंधपत्रावर सोडायचे आहे (फाशी-जन्मठेपेचे गुन्हे वगळून), आणि त्यासाठी न्यायालयाला कळवण्याची जबाबदारी कारागृह अधीक्षकांवर टाकली आहे. गरीब कैद्यांसाठी केंद्राची २०२३ची योजना आहे. तिच्या २०२३च्या मूळ नियमांनुसार दंडासाठी २५ हजार आणि जामिनासाठी ४० हजार रुपयांपर्यंत मदत जिल्हा पातळीवरच मंजूर होऊ शकत होती. पण प्रकरण ठरवणारी जिल्हा समिती पाहा : जिल्हाधिकारी, विधी सेवा प्राधिकरणाचे सचिव, पोलीस अधीक्षक, कारागृहाचे अधीक्षक आणि एक न्यायाधीश. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये तुरुंग सुधारणांसाठी न्यायमूर्ती अमिताव रॉय समिती नेमली, तिच्यातही न्यायमूर्तींच्या जोडीला एक पोलीस अधिकारी आणि तिहारचे महासंचालक. या अधिकाऱ्यांच्या हेतूबद्दल मला शंका नाही. पण तारखेला न्यायला गार्ड नाही म्हणून माणूस महिनोन् महिने न्यायाधीशापुढे उभाच राहत नाही, मुलाकातीला गावाहून आलेली आई एक कागद कमी पडला म्हणून तशीच परत जाते, संचित रजेचा (शिक्षेतला काही काळ भोगल्यावर मिळणाऱ्या सुट्टीचा) अर्ज पोलिसांच्या अहवालावर अडून राहतो, आणि सुटल्यावर चारित्र्य पडताळणीच्या एका ओळीपायी सुरक्षारक्षकाची नोकरीही हातची जाते. यातले काय आधी दुरुस्त करायचे ते भोगलेला माणूस लगेच सांगेल.

आपण तुरुंगातून आलेल्यांचे ऐकतच नाही असे नाही. राजकीय कैद्यांच्या आठवणी महाराष्ट्राने मनापासून वाचल्या आहेत. २००६च्या लोकल बॉम्बस्फोट खटल्यातून नऊ वर्षांनी निर्दोष सुटलेले मुंबईचे शिक्षक अब्दुल वाहिद शेख तुरुंगात असतानाच कायदा शिकले आणि आज इतर निरपराधांसाठी लढतात, त्यांचेही काही जण ऐकतात. पण ज्याने खरोखर गुन्हा केला, शिक्षा पुरी केली आणि आता सरळ जगू पाहतो, त्याच्यापुढे कुणी माइक धरत नाही. मीड निरपराध नव्हते. एक कोटीहून अधिक मतदार असलेल्या राज्याने त्यांचे ऐकले, ते हे माहीत असूनच.

पीडितांचे काय, असे विचारणारे पत्र आपल्याकडे येईलच. तो प्रश्न रास्त आहे. ज्यांचे माणूस गेले, त्यांना त्याच समितीत जागा मिळाली तर मला आनंदच आहे. दोघांनी एका टेबलाशी बसणे अवघड जाईल, पण दोघांनाही बाहेर ठेवून निर्णय घेण्यापेक्षा ते बरे.

माझी मागणी लहान आहे. प्रत्येक जिल्हा समितीत एक माजी बंदी आणि महिला कारागृह असेल तिथे एक माजी महिला बंदी नेमावी, भत्त्यासह आणि मत देण्याच्या अधिकारासह. अशी माणसे शोधायला फार लांब जावे लागणार नाही. विधी सेवेच्या योजनेत दीर्घ मुदतीच्या शिकलेल्या कैद्यांना आतच पॅरा लीगल स्वयंसेवक म्हणून प्रशिक्षण देण्याची तरतूद आहे. असे स्वयंसेवक इतरांचे अर्ज लिहितात, तारखा विचारतात, घरी निरोप पोहोचवतात. सुटका झाली की त्यांचे हे काम संपते आणि त्यांना पुन्हा कुणी बोलावत नाही. जिल्हा प्राधिकरणांनी या लोकांशी संपर्क साधून सुरुवात करावी, आणि ती निदान ठाणे, पुणे व नागपूर या तीन जिल्ह्यांत याच वर्षी व्हावी.

आपली विश्वासू,
एक वाचक, ऑरलँडो, फ्लोरिडा
(मूळ गाव : वाई, जि. सातारा)