पाठ्यपुस्तक आधी वर्गात पारखावे, मग छापावे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नंतर पदवीचे विज्ञान मराठीतून शिकवण्याची भाषा पुन्हा सुरू झाली आहे. पदार्थविज्ञानाचा निवृत्त अध्यापक म्हणून मला याचा मनापासून आनंद आहे. मात्र त्यासाठी लागणाऱ्या मराठी पाठ्यपुस्तकांविषयीची चर्चा बहुतेक वेळा परिभाषेपाशीच थांबते आणि पुस्तक कोणी, किती अवधीत लिहावे व छापण्यापूर्वी ते कोणापुढे पारखावे, हे प्रश्न मागे पडतात. विसाव्या शतकाच्या मध्यावरची महाविद्यालयीन पाठ्यपुस्तके कशी घडली, हे त्यासाठी पाहिले पाहिजे.

स्पुटनिक या सोव्हिएत संघाच्या पहिल्या कृत्रिम उपग्रहाने १९५७ मध्ये अमेरिकेला हादरा दिल्यानंतर तेथे विज्ञानशिक्षणाची नव्याने उभारणी सुरू झाली. मे १९६२ मध्ये पदार्थवैज्ञानिक चार्ल्स किटेल यांच्या अध्यक्षतेखाली कॅलिफोर्नियातील बर्कले येथे एक समिती बसली. पदवीच्या प्रारंभीच्या वर्गांसाठी पदार्थविज्ञानाची पाठ्यपुस्तके लिहिणे हे तिचे काम होते, आणि १९५२ चे पदार्थविज्ञानाचे नोबेल मिळवलेले एडवर्ड पर्सेल यांना ते कमीपणाचे वाटले नाही. विद्युत आणि चुंबकत्वावरचा त्यांचा खंड १९६५ मध्ये निघाला, तो प्राथमिक आवृत्त्या प्रत्यक्ष वर्गांत वापरून झाल्यावरच.

या पुस्तकातले एक प्रकरण मुद्दाम सांगण्यासारखे आहे. विद्युतप्रवाह वाहणाऱ्या तारेच्या शेजारून धावणाऱ्या विद्युत प्रभारावर बल का येते, हे सर्वसाधारण पुस्तकांत नियम म्हणून सांगितले जाते आणि विद्यार्थी तो पाठ करतो. पर्सेल वाचकाला त्या धावत्या प्रभारासोबत नेतात. तेथून पाहता तारेतील धन आणि ऋण प्रभारांचे वेग निरनिराळे असल्याने लागोपाठच्या धन प्रभारांमधली आणि लागोपाठच्या ऋण प्रभारांमधली अंतरे आइन्स्टाइनच्या सापेक्षता सिद्धांतानुसार निरनिराळ्या प्रमाणात बदललेली असतात, त्यामुळे एरवी विद्युतदृष्ट्या उदासीन असणारी तार प्रभारित ठरते, आणि ज्याला आपण चुंबकीय बल म्हणत होतो ते तेथे सरळ विद्युत बल असते. पदवीच्या कोवळ्या विद्यार्थ्यापुढे विषय असा मांडायचा, तर लेखकाची विषयावर पूर्ण हुकमत हवी आणि हाताशी वेळही हवा.

कॅलटेक या कॅलिफोर्नियातील विज्ञान-तंत्रज्ञान संस्थेत पदार्थवैज्ञानिक रिचर्ड फाइनमन यांनी १९६१ ते १९६३ या काळात दिलेली व्याख्याने ध्वनिमुद्रित झाली, फळ्यावरच्या लिखाणाची छायाचित्रे घेतली गेली आणि त्यांचे सहकारी लेटन व सँड्स यांनी त्यांना ग्रंथरूप दिले. विद्यार्थ्यांच्या दृष्टीने हा प्रयोग फारसा साधला नाही, अशी शंका खुद्द फाइनमन यांनी प्रस्तावनेत नोंदवली आहे. पुस्तक वर्गात उतरले की नाही, ही चिंता एवढ्या मोठ्या शास्त्रज्ञालाही होती.

आपल्याकडेही ही परंपरा होती. ताऱ्यांच्या वर्णपटांचा उलगडा करणारे समीकरण मांडणाऱ्या मेघनाद साहांनी बी. एन. श्रीवास्तव यांच्यासह उष्णतेवर पाठ्यपुस्तक लिहिले आणि भारतीय महाविद्यालयांत ते पुढे कित्येक वर्षे वापरात राहिले. नागपूरच्या महाराष्ट्र विद्यापीठ ग्रंथनिर्मिती मंडळाने विद्यापीठीय पातळीवरची मराठी पुस्तके काढली; नव्या लेखकांच्या हाती ती सर्वप्रथम द्यावीत.

माझी विनंती एवढीच, की काही महिन्यांत भाषांतर उरकून घेण्याची घाई शासनाने करू नये. लेखक-प्राध्यापकाचा अध्यापनाचा कार्यभार निदान वर्षभर हलका करावा, आणि प्राथमिक आवृत्ती शहरी व ग्रामीण अशा दोन्ही प्रकारच्या महाविद्यालयांत एक शैक्षणिक वर्ष चालवून विद्यार्थी कोठे अडखळतात याच्या नोंदी लेखकाकडे परत पोहोचवाव्यात. आणखी एक गोष्ट. बर्कलेच्या पुस्तकांना सरकारी अनुदान होते, म्हणून १९७० नंतर त्यांतला मजकूर इतर लेखक-प्रकाशकांना स्वामित्वधन न देता वापरता यावा, अशी तरतूद पर्सेल यांच्या खंडावर छापलेली होती. करदात्यांच्या पैशातून निघणाऱ्या मराठी पुस्तकांनाही हीच अट घालावी आणि ती लेखकाशी होणाऱ्या करारातच लिहिलेली असावी.

आपला,
एक निवृत्त प्राध्यापक