ओढणी, माइक आणि आपले कार्यालय : बेळगावच्या जिल्हाधिकाऱ्यांना खुले पत्र

माननीय जिल्हाधिकारी, बेळगाव
यांस सविनय नमस्कार.

कर्नाटक विधिमंडळाच्या हिवाळी अधिवेशनात सुवर्ण विधानसौधासमोर वाहिन्यांच्या गाड्या लागतात, शिवजयंतीच्या चित्ररथ मिरवणुकीत रात्रभर कॅमेरे फिरतात, कृष्णेला पूर आला की चिकोडी-अथणीकडून थेट बातम्या सुरू होतात. बूम माइक हातात धरून उभ्या असलेल्या मुलीला या सगळ्या ठिकाणी कपड्यांवरून ऐकून घ्यावे लागते. ‘ओढणी कुठाय गे?’ ‘आधी टिकली लाव की!’ रात्री त्याच चित्रफितीखाली याहून घाण लिहिले जाते.

सगळ्यांत जास्त शेरे ओढणीवर येतात, म्हणून आधी तिचेच सांगतो. कॉलर माइक हनुवटीखाली साधारण एक वीत, म्हणजे १५ ते २० सेंटिमीटरवर लावतात. त्यावर कापड घासले की आवाजात खसखस येते. ती संपादनात काढायला गेले तर शब्दांची धारही जाते, आणि थेट प्रक्षेपणात काढायला वेळच नसतो. ओढणी वाऱ्यावर हलते, म्हणून ध्वनितंत्रज्ञच ती काढून ठेवायला सांगतो. माइकच्या चिमट्याला धरायला कडक कड लागते : शर्टाची कॉलर, जॅकेटची पट्टी, कुर्त्याची बटणपट्टी. मऊ, गोल गळ्याच्या कुर्त्यावर चिमटा लोंबतो आणि माइकचे तोंड फिरते. साडीवर तो डावीकडे, पदराच्या काठाला लावावा लागतो. मग निवेदिका उजवीकडच्या पाहुण्याकडे वळली की आवाज पडतो. माइकचा आवाज पाठवणाऱ्या ट्रान्समीटरच्या डबीला कमरपट्टा हवा असतो. परकराच्या नाडीला अडकवली तर ती ओढ देते आणि निऱ्या सैल होतात. मंगळसूत्राचे मणी माइकवर आपटले की टक्‌टक् ऐकू येते, बांगड्यांची किणकिण बूममध्ये शिरते. त्यामुळे मंगळसूत्र काढून ठेवले, तर पाहणारे लगेच तिच्या संसाराबद्दल बोलू लागतात. ही गोष्ट आम्हाला फार लागते.

रंगांचेही तसेच. स्टुडिओत मागे हिरवा पडदा असला की संगणक हिरव्या रंगावर मागचे चित्र बसवतो, मग हिरव्या साडीच्या जागी नकाशा दिसू लागतो आणि हिरव्या चुड्याने मनगट मधूनच नाहीसे होते. जरीवर दिव्यांचा झोत चमकतो. पांढऱ्याशुभ्र कपड्यावर स्वयंचलित कॅमेरा प्रकाश कमी करतो आणि चेहरा काळवंडतो. बारीक चौकड्यांवर पडद्यावर लाटा उठतात, म्हणून बेळगावातल्या शहापूरच्या मागावरची चौकड्यांची सुरेख साडीही बाजूला ठेवावी लागते. (ही साडी इथली मराठी बाई नेसते तशी कन्नड बाईही नेसते.) ऑगस्ट २०१९ सारख्या पुरात गुडघाभर पाण्यात उतरायचे तर पँट आणि बूट याशिवाय इलाज नाही.

पुरुष निवेदकाच्या कोटाला कॉलर असते, खिसा असतो, पँटला पट्टा असतो. त्याचा प्रश्न तिथेच संपतो. ऑस्ट्रेलियात कार्ल स्टेफानोविक या निवेदकाने जवळपास रोज तोच निळा सूट घालून वर्ष काढले. २०१४ मध्ये त्याने स्वतः सांगेपर्यंत कुणाच्या ध्यानातही आले नव्हते. शेजारी बसणाऱ्या सहकारी महिलेच्या कपड्यांवर मात्र प्रेक्षक सतत बोलत, म्हणूनच त्याने हे करून पाहिले. आपल्याकडे नोव्हेंबर २०२२ मध्ये संभाजी भिडे यांनी मुंबईत मंत्रालयात एका महिला वार्ताहराशी टिकली नाही म्हणून बोलायचे नाकारले आणि महाराष्ट्राच्या राज्य महिला आयोगाने त्यांना नोटीस पाठवली. सीमाभागात या टिकलीवर भाषेचेही ओझे येते. मराठी बातम्या देणारी मुलगी ‘मराठी दिसली’ पाहिजे, असा हट्ट धरला जातो. मराठीपण तिच्या उच्चारात, तिच्या बातमीत बघावे.

टिकली का नाही, असे विचारणे गुन्हा नाही आणि तो गुन्हा ठरवावा असे आमचे म्हणणेही नाही. पण अंगावरून शेरा मारणे, पाठलाग करणे, छायाचित्रात फेरफार करून ते फिरवणे याला कायदा आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम ७९ खाली तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, आणि अशा गुन्ह्यात महिलेची फिर्याद महिला अधिकाऱ्यानेच नोंदवून घ्यायची असते. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यात कामानिमित्त जावे लागणारे प्रत्येक ठिकाण कामाचे ठिकाण धरले आहे. मिरवणुकीचा रस्ता त्यातच आला. दहापेक्षा कमी माणसांच्या कार्यालयातली तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाते. आमच्या छोट्या वाहिन्या आणि यूट्यूबवरची बातमीपत्रे यातच मोडतात. तक्रारीला तीन महिन्यांची मुदत आहे, योग्य कारण असेल तर आणखी तीन. तालुक्याचा समन्वय अधिकारी ती सात दिवसांत समितीकडे पाठवतो.

प्रकरण बहुतेक वेळा पुराव्यावर अडते. वाहिनीतले कुणीतरी घाण अभिप्राय पाहताक्षणी खोडून टाकते आणि पुरावा तिथेच संपतो. आधी नोंद करावी, मग खोडावे. नुसता स्क्रीनशॉट पुरत नाही, कारण खात्याचे नाव बदलता येते. खात्याचा आणि अभिप्रायाचा पूर्ण दुवा, तारीख, वेळ लिहून ठेवावी, ज्या फोनवर टिपले तो फोन जपावा. न्यायालयात अशा डिजिटल पुराव्यासोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र लागते. ते कसे भरायचे हे वाहिन्यांना कुणीतरी शिकवायला हवे.

ते आपल्या कार्यालयाने करावे, ही विनंती. अधिवेशनाआधी वाहिन्यांच्या मालकांना आणि सायबर पोलिसांना अर्ध्या दिवसासाठी एकत्र बसवावे. प्रत्येक तालुक्याच्या समन्वय अधिकाऱ्याचे नाव आणि फोन मराठीत व कन्नडमध्ये तहसील कार्यालयाबाहेर लावावा, आणि मराठीतली तक्रार भाषांतर करून आणा असे न सांगता घ्यावी. मिरवणुकीच्या बंदोबस्ताच्या आदेशात महिला वार्ताहरांच्या तक्रारीसाठी एका महिला पोलीस अधिकाऱ्याचे नाव घालावे. अधिवेशनाच्या ओळखपत्रामागे तोच फोन छापता येईल. ओळखपत्रे छपाईला जाण्याआधी एवढे झाले तरी या डिसेंबरला उपयोग होईल.

आपल्या,
सीमाभागातील वृत्तवाहिन्यांच्या वार्ताहर, निवेदिका आणि त्यांच्यासोबत काम करणारे कॅमेरा व ध्वनितंत्रज्ञ