ऑटिझमची चाचपणी अंगणवाडीतच हवी

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

दिल्ली परिसरातल्या कमी उत्पन्नाच्या वस्त्यांत घरोघरी टॅबलेट नेऊन लहान मुलांमधल्या ऑटिझमची (म्हणजे स्वमग्नतेची; यात मुलाला इतरांशी संवाद साधणं अवघड जातं) चाचपणी झाली, त्याविषयी वाचलं. दोन ते सात वर्षांची १३१ मुलं होती आणि चाचणी घेणारे तज्ज्ञ डॉक्टर नव्हते, साधे आरोग्य कार्यकर्ते होते. ‘स्टार्ट’ नावाच्या या ॲपवर मूल बुडबुडे फोडतं, चित्र रंगवतं. त्याला माणसांचा व्हिडिओ आवडतो की फिरणारी नक्षी, याची नोंद होते, आईबापांनाही प्रश्न विचारले जातात. ऑटिझम असलेली, बौद्धिक अक्षमता असलेली आणि यातलं काहीच नसलेली, अशा तीन गटांत मुलं ओळखण्यात ७८ टक्के अचूकता आली.

मी अंगणवाड्यांची पर्यवेक्षिका होते, आता निवृत्त आहे. एका वाडीवरचा दोन वर्षांचा मुलगा अजून डोळ्यांपुढे आहे. हाक मारली तरी वळायचा नाही. खेळण्यातली गाडी उलटी करून तासन्‌तास तिचं चाक फिरवत बसायचा. आईला शंका होती, पण आजीचं म्हणणं, “त्याचा बापही उशिराच बोलला.” आम्ही वजन घेतलं, वाढीच्या तक्त्यावर टिंब हिरव्या पट्ट्यात पडलं, म्हणजे आमच्या लेखी पोर ठणठणीत! निदान झालं तेव्हा तो सहा वर्षांचा होता. पुढे थेरपीसाठी जिल्ह्याला जायचं तर दोन एसट्या बदलाव्या लागत आणि त्या दिवसाची मजुरी बुडे. तिसऱ्या खेपेनंतर आईनं जाणं सोडलं. तिला दोष देण्याचं धाडस मला तरी होत नाही.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली आपल्या पालघरमधून सुरू झाला आणि त्यात मुलांमध्ये तपासायच्या गोष्टींच्या यादीत ऑटिझम आहे. त्याच्या तपासणी पथकाची गाडी अंगणवाडीत वर्षातून दोनदा येते. दात, डोळे, हृदय, रक्तक्षय सगळं एका फेरीत बघायचं, त्यात अनोळखी माणसं पाहून पोरं भोकाड पसरतात. मूल नजरेला नजर देतं का, बोट दाखवतं का, हे त्या गडबडीत काय कळणार? अंगणवाडी सेविकेला ते कळतं, कारण ती त्याला रोज पाहते. म्हणून साधन तिच्याच हातात हवं.

पण दोन गोष्टी आधी पाहाव्यात. दिल्लीच्या पाहणीत तिन्ही गटांत मुलांची संख्या जवळपास सारखी होती. गावात शंभरात एखादंच मूल ऑटिझमचं निघेल, त्यामुळे तिथे नाहक शंका घेतली जाणारी मुलं कितीतरी जास्त असतील. पडद्यावर आलेला निकाल निदान म्हणून सांगितला, तर संध्याकाळपर्यंत गाव पोराला ‘वेडं’ ठरवून मोकळं होईल. दुसरं म्हणजे फोन. २०२१ साली राज्यातल्या सेविकांनी निकृष्ट म्हणून सरकारी मोबाइल परत केले होते, ॲप इंग्रजीत असल्याचीही त्यांची तक्रार होती. नवं ॲप मराठीत नसेल आणि जुन्या नोंदींचं ओझं तसंच ठेवून वर लादलं जाणार असेल, तर रकाने अंदाजाने भरले जातील. हे मी अनुभवानं सांगते.

आणि शंका आल्यावर आईला काय सांगायचं? याचं उत्तर गोव्यात शोधून झालेलं आहे. गोवा आणि रावळपिंडी इथल्या ६५ मुलांवरचा एक प्रयोग २०१६ साली प्रसिद्ध झाला. तज्ज्ञ नसलेल्या पण प्रशिक्षण दिलेल्या कार्यकर्त्यांनी घरी जाऊन आईचा मुलाशी खेळतानाचा व्हिडिओ घेतला, तो तिच्यासोबत बसून पाहिला आणि मूल कुठे प्रतिसाद देतं ते तिला दाखवलं. आईचा मुलाशी सूर जुळू लागला, मूल आपणहून संवाद सुरू करू लागलं.

शासनाने एखाद्या दुर्गम तालुक्यात टॅबलेटवरची चाचपणी आणि गोव्यातला प्रयोग, दोन्ही एकत्र करून पाहावं. ज्या महिन्यात सेविकेला टॅबलेट मिळेल, त्याच महिन्यात त्या बीटमध्ये (एका पर्यवेक्षिकेकडच्या अंगणवाड्यांच्या गटात) घरी जाणारी एक प्रशिक्षित कार्यकर्ती मानधनावर नेमलेली असावी. ती नेमणूक होत नसेल, तर टॅबलेटची खरेदी थांबवावी.

आपली,
एक निवृत्त पर्यवेक्षिका, सातारा जिल्हा