चॅप्लिनने कंपनी बुडवली म्हणे!

मा. संपादक, स.न.वि.वि.

कालच्या पुरवणीतला एस्सॅने या अमेरिकेतल्या मूकपटांच्या स्टुडिओवरचा लेख वाचला. चॅप्लिन आला, पैसे मागितले, निघून गेला, कंपनी बसली. संपलं! अहो, कंपनीच्या नावातच दोन पार्टनर आहेत, एस म्हणजे जॉर्ज स्पूर आणि ए म्हणजे गिल्बर्ट अँडरसन, तो ब्रॉन्को बिली म्हणून काउबॉयची कामं करायचा. १९०७ ला दोघांनी मिळून शिकागोत धंदा काढला, पुढे स्पूर तिथेच तिजोरीपाशी आणि अँडरसन कॅलिफोर्नियात नाइल्सला घोड्यावर. चॅप्लिनला आठवड्याला १२५० डॉलर आणि वर १० हजारांचा बोनस अँडरसनने कबूल केला, आणि चॅप्लिन शिकागोत पोचला तर स्पूरसाहेब भेटेचनात!

हे वाचताना माझं डोकं का फिरलं सांगतो. आमचा ऑफसेट प्रेस होता, दोघांच्या पार्टनरशिपमधला. मशीनमनला दिवाळीचा बोनस मी कबूल केला आणि ऐन धनत्रयोदशीला पार्टनर चेकबुक खिशात घालून गावाला. पोरगा गेला सोडून, जाणारच. त्यानंतर गावभर हेच, की मशीनमन गेला म्हणून प्रेस बंद पडला. कागदवाल्याची बिलं थकली होती, दोघं एकमेकांना न विचारता उधारीवर कामं घेत होतो, ते कोणी बोलत नाही. नोकरावर ढकलणं सोपं असतं हो.

आणि एडिसनच्या ट्रस्टचा, म्हणजे पेटंटच्या जोरावर फिल्मधंदा मुठीत ठेवणाऱ्या कंपन्यांच्या टोळक्याचा, लेखात उल्लेखच नाही, कमाल आहे. १९०८ पासून एस्सॅने त्यात होती, थिएटरवाल्यांकडून आठवड्याला २ डॉलर उकळायचे ही मंडळी. १९१५ ला कोर्टाने ते बेकायदा ठरवलं, युरोपात युद्ध चालू, ट्रस्टबाहेरचे लोक मोठाले पिक्चर काढायला लागलेले आणि हे आपले छोट्या रिळांवर. १९१६ ला चॅप्लिन म्युच्युअल या दुसऱ्या फिल्म कंपनीकडे आठवड्याला १० हजारांवर गेला, झटका बसला हे मान्य, पण त्याच वर्षी अँडरसननेही हिस्सा विकला ना? मग ‘कार्मेन’ या गाजलेल्या कथेवरच्या चॅप्लिनच्या दोन रिळांच्या फार्सला कंपनीने टाकून दिलेले तुकडे जोडून चार रिळं केली आणि विकली. चॅप्लिन कोर्टात गेला आणि हरला. गोडाऊनमध्ये नवा माल नसला की असे उद्योग सुचतात, अनुभव आहे.

पुढे ऑस्करवाल्यांनी स्पूरचा सन्मान १९४८ ला केला आणि अँडरसनचा १९५८ ला. तिथेही दोघं एकत्र नाहीत!

लेखासोबत फोटो छापलाय तो ‘द किड’चा. तो १९२१ चा, फर्स्ट नॅशनल या दुसऱ्याच कंपनीचा, तेव्हा एस्सॅने उरलीच नव्हती. फोटो बघून लावणारं कोणी आहे का तुमच्याकडे? आणि रविवारची पुरवणी आमच्या भागात बरेचदा सोमवारी पडते, एजंट म्हणतो वरूनच येत नाही, तेवढं जरा बघा.

आपला,
एक जुना वर्गणीदार, नाशिक