पन्नास पुस्तकं नकोत, पानं ठरव

नाशिक,
२८ डिसेंबर

प्रिय मंदार,

सप्रेम नमस्कार.

नव्या वर्षात पन्नास पुस्तकं वाचायचीच, असं तू लिहिलंस. तुझा हुरूप पाहून फार बरं वाटलं. फक्त आकडा आधी ठरवून वेळ मागाहून शोधायला निघालास की फेब्रुवारीतच दम लागतो. आधी तुझा वेग मोजू.

नेहमीच्या छपाईची एखादी कादंबरी घे. पहिली पंधरा-वीस पानं मोजणीत धरू नकोस, पात्रांची ओळख होईपर्यंत वाचन सावकाशच चालतं. त्यापुढे घड्याळ लावून पंधरा मिनिटं वाच, मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवून. असं तीन दिवस कर, त्यातला एक दिवस रात्री जेवणानंतरचा असू दे, कारण रात्रीचा वेग बहुधा कमी भरतो. समजा, सरासरी दहा पानं निघाली. म्हणजे अर्ध्या तासाला वीस. आता ३६५ ने गुणू नकोस. मार्चअखेर, लग्नसराई, गणपती, दिवाळी, आजारपण यांचे ६५ दिवस आधीच वजा कर. उरलेल्या ३०० दिवसांची ६,००० पानं होतात. पुस्तक सरासरी २५० पानांचं धरलं तर ती २४ पुस्तकं. पन्नास हवी असतील तर रोज बेचाळीस पानं लागतील, म्हणजे तासाभराहून थोडं जास्त, तेही त्या ३०० दिवसांतला एकही दिवस न चुकवता. नोकरी सांभाळून हे जमेल का, ते तूच बघ.

माझं म्हणणं एवढंच, की वहीत पुस्तकं मोजूच नकोस, पानं मोज. पुस्तकांचा आकडा डोक्यात बसला की माणूस नकळत बारीक पुस्तकं उचलायला लागतो. सातशे पानांची कादंबरी आणि नव्वद पानांचं नाटक, दोन्हींना एकच गुण मिळत असेल तर जाडजूड पुस्तक कपाटातच राहणार. पानांच्या हिशेबात त्या कादंबरीला तिचं पूर्ण माप मिळतं. दुसरा फायदा असा, की न आवडलेलं पुस्तक सोडताना जीव अडकत नाही. पन्नास पानं मनापासून वाचूनही पकड घेतली नाही तर बाजूला ठेव. ती पन्नास पानं हिशेबात आहेतच. अर्धवट पुस्तकाच्या लाजेने महिना महिना काहीच न वाचणारे कितीतरी लोक असतात. वाचनाचं सगळ्यात जास्त नुकसान तिथे होतं.

जाड पुस्तकासाठी एक छोटी तयारी करून ठेव. निमंत्रणपत्रिकेच्या जाड कागदाची दोन बोटं रुंद पट्टी काप. ७२० पानांची कादंबरी असेल तर पट्टीवर वरून खाली १२०, २४०, ३६० असे सहा आकडे लिही आणि प्रत्येकासमोर त्या आठवड्याच्या रविवारची तारीख. रोज वीस पानं, आठवड्याला सहाच दिवस. सातवा दिवस मागे पडलेलं भरून काढायला. पट्टी हीच खूण म्हणून वापर, म्हणजे पुस्तक उघडताक्षणी आपण कुठे आहोत ते कळतं. दोन आठवड्यांहून जास्त मागे पडलास तर पानं वाढवू नकोस, तारखा पुढे ढकल. एका बैठकीत ऐंशी पानं उरकली की दुसऱ्या दिवशी पुस्तक हातात घ्यावंसं वाटत नाही.

असं जाड पुस्तक शक्यतो विकत घे. वाचनालयाचं असेल तर मुदतवाढ मागावी लागते, आणि मध्येच दुसऱ्या कुणी मागणी नोंदवली तर ती मिळेलच असं नाही. बाकी सगळ्यासाठी आपलं सावाना, म्हणजे सार्वजनिक वाचनालय नाशिक, आहे. १८४० पासूनची संस्था आणि जुन्या मराठी पुस्तकांचा मोठा साठा! एका वेळी किती पुस्तकं मिळतात आणि किती दिवसांसाठी, ते काउंटरवर विचारून घे आणि परतीची तारीख त्याच पट्टीवर टाक.

पंचवटी एक्सप्रेसने मुंबईला जातोस ते दिवस वेगळे मोज. एका बाजूचे साडेतीन तास हाताशी असतात, पण त्यातली पहिली पंधरा-वीस मिनिटं जागा आणि चहात जातात. गर्दीत जड बांधणीचं पुस्तक धरवत नाही, तेव्हा कथासंग्रह ने. एक कथा एका बैठकीत संपते. मोबाइलवर वाचणार असलास तर पुस्तक आदल्या रात्रीच उतरवून घे, इगतपुरी सोडल्यावर घाटातल्या बोगद्यांत नेटवर्कचा भरवसा नाही. मोबाइलवर अक्षर मोठं केलं की पानांची संख्या बदलते, म्हणून तिथे मिनिटं मोज आणि तुझ्या वेगाने त्यांची पानं कर.

आव्हानं म्हणशील तर बारा महिन्यांना बारा विषय असली यादी करू नकोस. ऑगस्टचा विषय ऑगस्टमध्ये वाचावासा वाटेल याची काय खात्री? दोन-तीनच पुरेत. एक तू पत्रात म्हणालास ती मोठी कादंबरी. दुसरं आपल्या गावाचं: कविता कुसुमाग्रजांची, नाटक वसंत कानेटकरांचं, कथा बाबुराव बागुलांच्या. तिघांचंही नाशिकशी नातं, आणि तीन वाङ्मयप्रकार आपोआप होतात. कविता मात्र पानांत मोजू नकोस. रोज एक, दोनदा वाचायची, त्यातली एकदा मोठ्याने. कुसुमाग्रजांच्या जन्मदिवशी, २७ फेब्रुवारीला, सुरुवात केलीस तर साठ कवितांचा संग्रह एप्रिलअखेर संपतो. नाटकसुद्धा मोठ्यानेच वाच, वहिनींना अर्ध्या भूमिका दे.

दिवाळी अंकांची पानंही धर, बरं का. ते वाचन नव्हे असं मानणारे आहेत, मला ते अजिबात पटत नाही. पण अंक सलग संपवायचा हट्ट नको. अनुक्रमणिकेवर पेन्सिलने पाच-सहा खुणा कर आणि तेवढंच वाच. नोव्हेंबर-डिसेंबरचं खातं त्यावर सहज भरतं.

वहीत रोज एकच ओळ: तारीख, पुस्तक, कुठून कुठे. अभिप्राय पुस्तक संपल्यावर, चार ओळींचा. गुढीपाडव्याला बेरीज कर. वर्षाला ६,००० म्हणजे महिन्याला ५०० पानं. मार्चअखेरच्या धावपळीची सूट धरून हजारच्या वर असलास तर तसंच चालू ठेव. हजारच्या खाली असलास तर रोजची वीस पंधरावर आण, उगाच ओढाताण करू नकोस.

पंधरा मिनिटांची मोजणी झाली की तिन्ही आकडे कळव, आणि त्या मोठ्या कादंबरीची पानं किती तेही. पट्टीवरच्या तारखा आपण फोनवर बसवू. वहिनींना नमस्कार, चिमुकल्यांना आशीर्वाद.

तुझा,
अभय