पवनऊर्जा : अडचण फक्त वारा पडण्याची नाही

महोदय,

पवनऊर्जेवरचा वाद बहुधा ‘वारा पडला तर काय?’ या प्रश्नावरच अडतो. प्रश्न रास्त आहे. वाऱ्यातली शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलते. वेग सेकंदाला 10 मीटरवरून 8 वर आला की वीज जवळपास निम्मी होते. उलट वेग 25 मीटरच्या आसपास गेला की बहुतेक पवनचक्क्या स्वतःच्या बचावासाठी पाती वळवून थांबतात. पण याचा अंदाज काही तास आधी बांधता येतो आणि जलविद्युत किंवा गॅसचे संच तयार ठेवता येतात. खर्चिक, पण जमण्यासारखे काम.

खरी कसोटी बिघाडानंतरच्या पहिल्या काही सेकंदांत लागते. औष्णिक किंवा जलविद्युत केंद्रातले अजस्र रोटर (जनित्रांचे फिरते भाग) ग्रिडच्या, म्हणजे वीजजाळ्याच्या, वारंवारतेशी (विजेच्या दर सेकंदाच्या आवर्तनांशी) जखडलेले असतात. एखादा मोठा संच ट्रिप झाला, म्हणजे अचानक बंद पडला, तर या फिरत्या वजनातली ऊर्जा आपसूक तूट भरू लागते, वारंवारता सावकाश घसरते आणि इतर संचांच्या गव्हर्नरना (वेग-नियंत्रकांना) वाफ किंवा पाणी वाढवायला उसंत मिळते. आधुनिक पवनचक्कीची वीज मात्र कन्व्हर्टरमधून, म्हणजे विजेचे रूप बदलणाऱ्या इलेक्ट्रॉनिक उपकरणातून येते. पाती कितीही जड असोत, कंट्रोलरमध्ये मुद्दाम तशी सोय केल्याशिवाय ग्रिडला त्यांचा आधार मिळत नाही.

28 सप्टेंबर 2016 रोजी दक्षिण ऑस्ट्रेलियात काय घडले ते पाहा. वादळाने पारेषण वाहिन्या पाडल्या आणि दोन मिनिटांत व्होल्टेज सहा वेळा कोसळले. वारा भरपूर होता. पण अनेक पवनचक्क्यांच्या संरक्षण प्रणालीत असे झटके ठरावीक वेळाच सोसायचे, अशी मर्यादा घातलेली होती. ती ओलांडताच सात सेकंदांच्या आत 456 मेगावॉट वीज गेली. सगळा भार शेजारच्या राज्याकडून येणाऱ्या हेवूड जोडवाहिनीवर पडला, तीही तुटली आणि अख्खे राज्य अंधारात गेले. ग्रिडचालकांना या मर्यादेची कल्पनाच नव्हती! पुढे ती सेटिंग्ज बदलण्यात आली. त्यासाठी नवे यंत्र लागले नाही.

जडत्वाची, म्हणजे फिरत्या वजनाच्या आधाराची, उणीव भरायला तिथे फ्लायव्हील जोडलेले चार सिंक्रोनस कंडेन्सर बसवले गेले. ही जनित्रासारखीच यंत्रे, फक्त इंधन न जाळता फिरणारी. शॉर्टसर्किटच्या वेळी रिले (बिघाड हेरणारी संरक्षक उपकरणे) ओळखू शकतील एवढा प्रवाहही ती पुरवतात. ग्रिड-फॉर्मिंग इन्व्हर्टर, म्हणजे ग्रिडचे व्होल्टेज आणि वारंवारता स्वतः उभी करणारे इलेक्ट्रॉनिक उपकरण, हा दुसरा मार्ग. पण 2016 सारखी मर्यादा पुन्हा लपून राहू नये म्हणून पवन प्रकल्पाला जोडणी देतानाच संरक्षणाची सगळी सेटिंग्ज आणि संगणकीय मॉडेल ग्रिडचालकाच्या हाती असलीच पाहिजेत. व्यापारी गुपित ही सबब इथे चालू देऊ नये.

एक विनंती आपल्यालाही. बॅटरी प्रकल्पाच्या बातमीत फक्त मेगावॉट (एका वेळी किती वीज देता येते) छापले जातात, मेगावॉट-तास (एकूण साठा) नाही. दक्षिण ऑस्ट्रेलियातल्याच हॉर्न्सडेलची मूळ बॅटरी 100 मेगावॉट, 129 मेगावॉट-तासांची होती. म्हणजे पूर्ण क्षमतेने जेमतेम सव्वा तास. वारंवारता सावरायला ती उत्तम, वाराच नसलेला आठवडा काढायला नाही. दोन्ही आकडे शेजारीशेजारी छापावेत.

– एक वाचक