झेरॉक्सवाल्या ताई, थँक्यू

ताई, तुमचं नाव लिहीत नाही, तुम्हाला आवडायचं नाही. तसंही तहसीलच्या गेटबाहेर निळ्या ताडपत्रीखाली मशीन घेऊन बसता म्हणलं की आमच्या तालुक्यातल्या निम्म्या लोकांना कळेलच. तोंडावर थँक्यू म्हणायला आले की तुम्ही "काय ओ काकू, दोन रुपयाची झेरॉक्स ती" म्हणून उडवून लावता, म्हणून आज लिहूनच काढते.

आमचा बंड्या २३ वर्षांचा आहे. अंगाने दांडगा पण समज लहान पोराची, त्यात फिट्स येतात. त्याचे बाबा जाऊन नऊ वर्षं झाली, मी ब्लाऊज शिवते त्यावर घर चालतं. १८ पूर्ण झाल्यावर अपंगत्वाचं सर्टिफिकेट नव्याने काढा म्हणले, म्हणून सकाळी सहाच्या एसटीने सिव्हिलला जाऊन लाईन लावली. तिथल्या मॅडम एकेक विचारत गेल्या, स्वतः जेवतो का, हो, कपडे घालतो का, हो, दुकानात जातो का, हो हो जातो की. आता आईला असं विचारलं की आई हो च म्हणणार ना, आयुष्यभर लोकांसमोर पोराची बाजू सावरायची सवय लागलेली. सर्टिफिकेटवर आले २५ टक्के. ४० च्या खाली तर काहीच मिळत नाही, ना संजय गांधी निराधार योजनेचे महिन्याचे पैसे, ना एसटीची सवलत. चार वर्षं तो कागद कपाटात पडून होता. मधे एक एजंट तीन हजारात करून देतो म्हणाला होता, नशीब माझ्याकडे तेवढे नव्हते.

मी तुमच्याकडे आलेले रेशनकार्डाच्या झेरॉक्सला. बंड्याने शेजारच्या टपरीवर पार्ले जीचा पुडा घेतला, माझ्या पिशवीतली ५०० ची नोट दिली आणि सुट्टे न घेताच परत आला. तुम्ही उठून ते सुट्टे आणलेत आणि विचारलंत, "काकू, हा नेहमी असाच करतो?" मी म्हणलं हो, म्हणून तर हातात पैसे देत नाही. "मग हे सर्टिफिकेटवाल्या डॉक्टरांच्या बोर्डासमोर सांगितलं का?" मी म्हणलं त्यांनी विचारलं दुकानात जातो का, तर जातो म्हणाले.

तुम्ही कपाळाला हात लावलात. मग एक खराब निघालेली झेरॉक्स उलटी करून पेन दिलं आणि म्हणालात, "खोटं एक अक्षर सांगू नका, पण त्याच्या वाटचं तुम्ही जे जे करता ते तरी सांगा." गिऱ्हाईकं उभी होती तरी मला तिथे स्टुलावर बसवून लिहायला लावलंत. कपडे घालतो पण बटणं मी लावते, जेवतो पण कालवून मी देते, एसटीत बसतो पण कुठे उतरायचं कळत नाही, फिटची गोळी आठवणीने घेत नाही, आंघोळीला मी त्याला कडी लावू देत नाही कारण एकदा आतच पडला होता. पान भरलं तेव्हा मला रडायला आलं, कारण इतकी वर्षं हे सगळं मी करत होते आणि सांगताना बंड्या करतो असं सांगत होते.

त्या सर्टिफिकेटवर अपील करता येतं हे मला स्वप्नातही माहीत नव्हतं, अर्ज तुम्हीच लिहिलात. परत तपासणी झाली, मी तो कागद धरून न लाजता एकेक वाचलं आणि ५० टक्के आले. पुढचं मग उत्पन्नाचा दाखला (वर्षाला ५० हजाराच्या आतला), १५ वर्षं रहिवासाचा पुरावा, आधार लिंक, ते तुम्ही सगळ्यांनाच सांगता.

बँकेत मात्र अडलं होतं. मुलगा सज्ञान आहे, सही करता येत नाही, तुम्ही पालक आहात हे कोर्टातून आणा म्हणले. मी जन्म दिलाय आणि मीच पालक नाही! तेव्हाही तुम्हीच सांगितलंत की मतिमंद, ऑटिझम, सेरेब्रल पाल्सीवाल्या मुलांसाठी १९९९ चा नॅशनल ट्रस्टचा कायदा आहे, कलेक्टरसाहेबांच्या कमिटीकडून पालकत्वाचं सर्टिफिकेट मिळतं, कोर्टाची पायरी चढायची गरज नाही. त्यालाही हेलपाटे झाले पण मिळालं.

पैसे सुरू झाले तेव्हा महिना १५०० होते, २०२५ च्या ऑक्टोबरपासून दिव्यांगांना २५०० झाले. फिटच्या गोळ्या त्यातच येतात, आता महिनाअखेरीला दिवसाआड गोळी द्यायची वेळ येत नाही.

अजून एक सांगायचं राहिलं. सगळे टेबलवाले माझ्याकडे बघून "याचं नाव काय, याला समजतं का" विचारायचे. तुम्ही त्यालाच विचारायचात, "बंडूशेठ, अंगठा डावा देणार का उजवा?" तो विचार करून उजवा द्यायचा आणि मग शाई पुसायला ओढणी माझी.

दरवर्षी हयातीचा दाखला द्यायचा म्हणून गेल्या वेळी त्याला आदल्या रात्री सांगून ठेवलं होतं. सकाळी उठून स्वतःच शर्ट घालून दारात उभा, बटणं खालीवर, आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतोय मला हयातीला जायचंय. हयात म्हणजे काय रे म्हणून शेजारच्या आजींनी विचारलं तर म्हणाला, झेरॉक्सवाली ताई.